फुटबॉलपटूंचे हस्तांतरण
फुटबॉलपटूंचे हस्तांतरण : व्यावसायिक (धंदेवाईक) फुटबॉलमध्ये एका क्लबकडे असलेली खेळाडूची नोंदणी दुसऱ्या क्लबकडे वर्ग करण्याची पद्धत. नोंदणी सोडण्याबद्दल जुना क्लब नव्या क्लबकडून जो मोबदला घेतो, त्यास हस्तांतरण शुल्क म्हणतात. व्यवहारात खेळाडू ‘विकला’ किंवा ‘विकत घेतला’ असे म्हटले जात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने विक्री होते ती नोंदणीची. खेळाडूचे क्लबशी दुहेरी नाते असते. पहिले नाते नोकरीच्या कराराचे. त्यात वेतन, मुदत व अटी ठरतात. दुसरे नाते नियामक संघटनेच्या दप्तरातील नोंदणीचे. नोंदणीवाचून खेळाडूस अधिकृत सामन्यात उतरता येत नाही. कराराची मुदत संपल्यावरही क्लबला ही नोंदणी अडवून धरता यावी काय, हा या विषयातील मूळ वादाचा मुद्दा होय. इंग्लंडमध्ये १८९३ पासून आणि पुढे बहुतेक देशांत या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ होकारार्थी होते.

क्लबांची बाजू अशी, की नोंदणीचे बंधन सैल केल्यास सर्व चांगले खेळाडू मूठभर श्रीमंत क्लबांकडे जातील, स्पर्धेतील चुरस नष्ट होईल आणि नवोदितांना घडविणारे लहान क्लब बुडतील. खेळाडूंची बाजू अशी, की मुदत संपलेल्या नोकरास जुन्या मालकाच्या संमतीवाचून दुसरी नोकरी धरता येत नाही, असा दुसरा धंदा नाही. आजवरच्या प्रमुख खटल्यांत न्यायालयांनी क्लबांचा हेतू रास्त मानला, पण त्यासाठी योजलेला उपाय बहुधा अमान्य केला. या वादाचा इतिहास पाहिल्यास, क्लबांमधील समतोल खेळाडूंना बांधून ठेवण्यापेक्षा उत्पन्नाच्या वाटपावर अधिक अवलंबून होता, असे दिसून येते.

उगम : इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ मध्ये झाली, तेव्हा हा खेळ हौशी मानला जाई. तथापि लँकाशरमधील गिरण्यांच्या गावांत प्रेक्षक तिकीट काढून सामने पाहू लागले आणि तेथील क्लब स्कॉटलंडमधून खेळाडू आणून, नावापुरती नोकरी देऊन, त्यांना गुपचूप पैसे देऊ लागले. या कारणावरून प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबला १८८४ मध्ये असोसिएशनच्या चषकस्पर्धेतून काढण्यात आले. उत्तरेकडील क्लबांनी फुटून निघण्याची तयारी दाखविली, तेव्हा जुलै १८८५ मध्ये धंदेवाईक खेळास नाइलाजाने मान्यता मिळाली. मान्यतेबरोबरच धंदेवाईक खेळाडूने दरवर्षी नोंदणी करावी, अशी अट आली. प्रारंभी ही अट नियंत्रणापुरती होती व हंगाम संपताच खेळाडू मोकळा होई.

बारा क्लबांची फुटबॉल लीग १८८८ मध्ये स्थापन झाल्यावर स्थिती पालटली. ठरलेल्या तारखांना सामने खेळावयाचे, तर संघ स्थिर राहणे आवश्यक होते आणि खेळाडू दरसाल अधिक पैसे देणाऱ्याकडे जाऊ लागले होते. म्हणून १८९३–९४ च्या हंगामापासून लीगमधील क्लबाकडे नोंदलेल्या खेळाडूस त्या क्लबच्या परवानगीवाचून लीगमधील दुसऱ्या क्लबाकडे जाता येणार नाही, असा नियम करण्यात आला. हंगामाच्या अखेरीस प्रत्येक क्लब आपण ‘राखून ठेवलेल्या’ व हस्तांतरणास उपलब्ध असलेल्या खेळाडूंच्या याद्या प्रसिद्ध करी. राखून ठेवलेल्या खेळाडूने नव्या अटी नाकारल्या, तर क्लबने त्यास वेतन देण्याचे कारण नसे. नोंदणी मात्र क्लबाकडेच राही. ही ‘राखीव व हस्तांतरण पद्धती’ पुढे सत्तर वर्षे टिकली. तिच्या जोडीला १९०१–०२ च्या हंगामापासून आठवड्यास ४ पौंड ही कमाल वेतनमर्यादा आली. पहिल्या नियमाने खेळाडूची वाट अडविली आणि दुसऱ्याने त्याचा भाव बांधून टाकला.

वेतनावर मर्यादा असली, तरी क्लबांनी एकमेकांना द्यावयाच्या शुल्कावर ती नव्हती. फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्झबरो क्लबने सँडरलंडच्या ॲल्फ कॉमन या खेळाडूसाठी १,००० पौंड मोजले. आठवड्यास चार पौंडांपेक्षा अधिक घेऊ न शकणाऱ्या माणसासाठी इतकी रक्कम दिली जावी, यावर वृत्तपत्रांतून टीका झाली. असोसिएशनने १९०८ च्या आरंभी शुल्काची कमाल मर्यादा ३५० पौंड ठरविली. पण क्लबांनी तीतून पळवाटा काढल्याने काही महिन्यांतच ती रद्द करावी लागली. शुल्कावर थेट मर्यादा घालण्याचा पहिला प्रयत्न असा फसला.

खेळाडूंच्या संघटना : खेळाडूंची पहिली संघटना १८९८ मध्ये निघाली, पण ती अल्पजीवी ठरली. डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टर येथे बिली मेरेडिथ (१८७४–१९५८) व त्याचे सहकारी यांच्या पुढाकाराने नवी संघटना स्थापन झाली. तिने कामगार संघटनांच्या महासंघाशी संबंध जोडताच १९०९ मध्ये फुटबॉल असोसिएशनने मान्यता काढून घेतली आणि खेळाडूंना संघटना सोडण्याचा आदेश दिला. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी तो धुडकावला व स्वतःस ‘बहिष्कृत’ म्हणवून घेत स्वतंत्रपणे सराव चालू ठेवला. अखेर तडजोड होऊन संघटनेस मान्यता मिळाली; परंतु तिला कामगार महासंघाशी असलेला संबंध सोडावा लागला.

याच काळात किंगाबी या खेळाडूने संघटनेच्या साहाय्याने ॲस्टन व्हिला क्लबविरुद्ध दावा लावला. त्याची नोंदणी व्हिलाने धरून ठेवली होती आणि मोठ्या शुल्कामुळे त्यास अन्यत्र खेळता येत नव्हते. १९१२ मध्ये दावा फेटाळला गेला. संघटनेची तिजोरी रिती झाली आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे या पद्धतीस न्यायालयात कोणी आव्हान दिले नाही.

कोलंबियातील प्रयोग : नोंदणीचे बंधन नसेल तर काय घडते, याचे एक उदाहरण दक्षिण अमेरिकेत दिसून आले. अर्जेंटिनात १९४८–४९ मध्ये वेतन व करारस्वातंत्र्य यांसाठी खेळाडूंनी संप केला. त्याच सुमारास कोलंबियातील नवी धंदेवाईक लीग आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या (फिफा, स्थापना १९०४) कक्षेबाहेर गेली. महासंघाचे नियम लागू नसल्याने तेथील क्लबांना परदेशी खेळाडू घेताना जुन्या क्लबास काहीच द्यावे लागत नसे. ते सर्व पैसा खेळाडूंना देऊ शकत. अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबमधील आल्फ्रेदो दी स्तेफानो (१९२६–२०१४) बोगोटाच्या मिल्योनार्योस क्लबाकडे गेला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातील नील फ्रँक्लिन १९५० मध्ये बोगोटाच्याच सांता फे क्लबाकडे गेला, पण लवकरच परतला आणि त्यास निलंबन भोगावे लागले. १९५१ मध्ये लिमा येथे झालेल्या समझोत्यानुसार परदेशी खेळाडूंना १९५४ पर्यंत कोलंबियात राहण्याची मुभा मिळाली. त्यानंतर त्यांचे हक्क मूळ क्लबांकडे परत जावयाचे होते. या कालखंडास ‘एल् दोरादो’ (सुवर्णभूमी) म्हणतात. नोंदणीची पद्धत महासंघांच्या परस्परमान्यतेवर उभी असून त्या मान्यतेच्या बाहेर तिला बळ नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

ईस्टम खटला : दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सामन्यांना विक्रमी गर्दी होऊ लागली, तथापि १९५८ मध्येही कमाल वेतन हंगामात आठवड्यास २० पौंड व उन्हाळ्यात १७ पौंड एवढेच होते. संघटनेचा अध्यक्ष जिमी हिल (१९२८–२०१५) याने संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली. लवकरच फुलम क्लबने जॉनी हेन्झ (१९३४–२००५) यास आठवड्यास १०० पौंड देऊ केले.

वेतनाचे बंधन गेले, तरी नोंदणीचे उरले. जॉर्ज ईस्टम (१९३६–२०२४) याने १९६० मध्ये न्यूकॅसल युनायटेडशी नवा करार करण्यास नकार देऊन आर्सेनलकडे जाण्याची इच्छा दर्शविली. क्लबने नकार देताच त्याने खेळ थांबविला व इंग्लंडच्या दक्षिणेस जाऊन विक्रेत्याची नोकरी धरली. काही महिन्यांनी न्यूकॅसलने ४७,५०० पौंड घेऊन त्यास सोडले. व्यक्तिशः त्याचा प्रश्न येथे सुटला होता. तरीही संघटनेच्या पाठिंब्याने त्याने तत्त्वासाठी दावा चालविला. जुलै १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स (१९०७–२००३) यांनी राखीव व हस्तांतरण पद्धती हा व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध असल्याचा निर्णय दिला. मालकांनी मालकांच्या हितासाठी केलेली व्यवस्था केवळ सर्व क्लबांना मान्य आहे म्हणून न्याय्य ठरत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. खेळाडू आपल्या स्थितीची तुलना गुलामगिरीशी करीत असत. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी झटणारे विल्यम विल्बरफोर्स हे या न्यायाधीशांचे पूर्वज होते, हा योगायोग अनेकांनी नोंदविला आहे.

या निर्णयाने राखीव ठेवण्याची पद्धत मोडली, शुल्क मात्र राहिले. १९७८ मध्ये इंग्लंडमधील खेळाडूंना कराराची मुदत संपल्यावर क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले, पण नव्या क्लबला शुल्क द्यावेच लागे व मतभेद झाल्यास लवाद ते ठरवी. शुल्काचे आकडे चढतच गेले. फेब्रुवारी १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिसच्या हस्तांतरणाने ब्रिटनमध्ये दहा लक्ष पौंडांचा टप्पा गाठला.

बॉस्मान खटला : झां-मार्क बॉस्मान (जन्म १९६४) हा बेल्जियमच्या ल्येझ क्लबचा खेळाडू. जून १९९० मध्ये त्याचा करार संपला. क्लबने पूर्वीच्या दरमहा १,२०,००० बेल्जियन फ्रँकांऐवजी ३०,००० फ्रँकांचा नवा करार पुढे केला. त्याच वेळी त्याचे हस्तांतरण शुल्क मात्र १,१७,४३,००० फ्रँक ठरविले. जो खेळाडू वेतनाच्या हिशेबात एक चतुर्थांश झाला, तोच विक्रीच्या हिशेबात एवढा महाग ठरला. फ्रान्समधील डंकर्कच्या क्लबने त्यास घेण्याची तयारी दाखविली. पण त्या क्लबच्या पैसे देण्याच्या ऐपतीविषयी शंका आल्याने ल्येझने नोंदणीचा दाखला पाठविण्याची विनंतीच बेल्जियन संघटनेकडे केली नाही. व्यवहार बारगळला व बॉस्मान दोन्हीकडून बेकार झाला.

हा खटला पाच वर्षे चालून यूरोपीय न्यायालयापुढे गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी न्यायालयाने दोन निर्णय दिले. पहिला असा, की करार संपलेल्या खेळाडूबद्दल शुल्क मागणे हे यूरोपीय समुदायातील कामगारांच्या मुक्त संचाराच्या तत्त्वाशी विसंगत आहे. दुसरा असा, की सदस्य देशांच्या नागरिकांना ‘परदेशी’ मानून संघातील त्यांची संख्या मर्यादित करता येणार नाही. त्यामुळे तीन परदेशी व दोन रुळलेले परदेशी खेळाडू एवढीच परवानगी देणारा यूरोपीय फुटबॉल संघटनेचा (यूएफा, स्थापना १९५४) नियम निकालात निघाला. क्लबांमधील समतोल व नवोदितांचे प्रशिक्षण ही उद्दिष्टे न्यायालयाने रास्त मानली. परंतु शुल्कामुळे श्रीमंत क्लबांना उत्तम खेळाडू मिळविण्यास अडथळा येत नाही, उलट पैसा हाच निर्णायक घटक ठरतो आणि तीच उद्दिष्टे अन्य मार्गांनीही साधता येतील, असे न्यायालयाने दाखवून दिले.

निर्णयाचा लाभ मुख्यतः पुढील पिढीच्या नामवंत खेळाडूंना झाला. बॉस्मानची स्वतःची कारकीर्द मात्र खटल्यातच सरली. करार संपलेला खेळाडू शुल्काची वाचलेली रक्कम वेतनात मागू लागला. ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबने १९९५ मध्ये बव्हंशी स्वतः घडविलेल्या तरुणांच्या बळावर यूरोपीय विजेतेपद मिळविले होते. त्यांपैकी एडगर डाव्हिड्स (१९९६) व पॅट्रिक क्लायव्हर्ट (१९९७) हे करार संपताच शुल्कावाचून इटलीतील मिलान क्लबाकडे गेले. लहान देशांतील क्लबांचे भय निराधार नव्हते, याचे हे उदाहरण होय. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलनेही ‘पेले कायदा’ (१९९८) करून करारानंतर क्लबच्या हाती राहणारा ‘पासे’ नावाचा हक्क मोडीत काढला. ही तरतूद २००१ मध्ये अंमलात आली.

२००१ ची व्यवस्था : बॉस्मान निर्णय करार संपलेल्या खेळाडूपुरता होता, चालू करार मोडण्याचे काय, हा प्रश्न उरला. यूरोपीय आयोग, फिफा व यूएफा यांच्यात मार्च २००१ मध्ये झालेल्या समझोत्यातून नवे नियम आले. त्यांनुसार प्रौढ खेळाडूंच्या कराराची मुदत सर्वसाधारणपणे एक ते पाच वर्षे असते. नोंदणी वर्षातील दोन ठराविक कालावधींतच बदलता येते. अठरा वर्षांखालील मुलांच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणास काही अपवाद वगळता बंदी आहे. तेविसाव्या वर्षापर्यंत प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागते. आणि कराराच्या मुदतीत झालेल्या हस्तांतरणाच्या शुल्कातील ५ टक्के रक्कम खेळाडूस बारा ते तेवीस या वयात घडविणाऱ्या क्लबांना वाटली जाते. ही वाटणी अनेकदा कागदावरच राहते, अशा तक्रारी आल्यामुळे फिफाने २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कोश कार्यान्वित केला.

रास्त कारणाविना करार मोडणाऱ्यास भरपाई व प्रसंगी निलंबन अशी तरतूद या नियमांच्या सतराव्या कलमात होती. भरपाई किती, याचे निश्चित गणित नसल्यामुळे निवाडे परस्परभिन्न झाले. अँडी वेब्स्टर प्रकरणात (२००८) क्रीडा लवाद न्यायालयाने ती मुख्यतः उरलेल्या वेतनापुरती धरली. मातुझालेम प्रकरणात (२००९) मात्र ती सु. १ कोटी १९ लक्ष यूरो एवढी ठरविली. ती न भरल्यास कायम बंदीची शक्यता निर्माण झाली, तेव्हा स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयाने २०१२ मध्ये अशी बंदी व्यक्तिस्वातंत्र्यास बाधक म्हणून रद्दबातल केली.

दियारा खटला : फ्रेंच खेळाडू लासाना दियारा याने २०१३ मध्ये मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबशी चार वर्षांचा करार केला. पुढील वर्षी वेतनावरून बेबनाव होऊन क्लबने करार संपुष्टात आणला आणि फिफाच्या मंडळाने दोष खेळाडूचा ठरवून त्यास १ कोटी ५ लक्ष यूरो भरपाई देण्याचा आदेश दिला. बेल्जियमचा शार्लरॉ क्लब त्यास घेण्यास तयार होता. परंतु नियमानुसार नवा क्लबही भरपाईस जबाबदार धरला जाई, त्याने खेळाडूस फूस लावली असे गृहीत धरले जाई आणि वाद चालू असता नोंदणीचा आंतरराष्ट्रीय दाखला रोखला जाई. अशी जोखीम कोणी पत्करणार नाही, हे उघड होते. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी यूरोपीय न्यायालयाने या तरतुदी मुक्त संचाराच्या व मुक्त स्पर्धेच्या कायद्यांशी विसंगत ठरविल्या. डिसेंबर २०२४ मध्ये फिफाने हंगामी नियम करून दाखला रोखण्याची प्रथा बंद केली आणि फूस लावल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जुन्या क्लबावर टाकली.

खेळाडू एक मालमत्ता : मुदतीतील करार हाच आता क्लबचा खरा आधार असल्याने क्लब लांब मुदतीचे करार करू लागले. हिशेबात नोंदणी ही अमूर्त मालमत्ता म्हणून दाखविली जाते व तिची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकतात. पाच वर्षांच्या करारावर घेतलेल्या दहा कोटींच्या खेळाडूचा खर्च त्यामुळे दरवर्षी दोन कोटी एवढाच दिसतो. आठ वर्षांचा करार केल्यास तो सव्वा कोटीवर येतो. ही पळवाट बुजविण्यासाठी यूएफाने २०२३ मध्ये अशा विभागणीस पाच वर्षांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबने बार्सेलोनाच्या नेमारसाठी २२ कोटी २० लक्ष यूरो दिले. इतक्या मोठ्या रकमांमुळे क्लबबाहेरील गुंतवणूकदारही खेळाडूच्या भावी शुल्कात हिस्सा विकत घेऊ लागले होते. कार्लोस तेवेस व हाव्हियेर मास्चेरानो यांच्या २००६ मधील व्यवहारात हा प्रकार उघडकीस आला, त्याबद्दल वेस्ट हॅम क्लबला ५५ लक्ष पौंड दंड झाला आणि २०१५ पासून फिफाने अशा त्रयस्थ मालकीवर सर्वत्र बंदी घातली. अल्पवयीनांविषयीचा नियम मोडल्याबद्दल बार्सेलोना, रेआल माद्रिद व चेल्सी यांसारख्या क्लबांवरही नवे खेळाडू घेण्यास काही काळ मनाई करण्यात आली.

समतोलाचा प्रश्न : नोंदणीचे बंधन गेल्यामुळेच विषमता वाढली काय, याविषयी मतभेद आहेत. बंधनाच्या काळात बर्नली (१९६०) व इप्सविच (१९६२) यांसारख्या लहान गावांतील क्लबांनी इंग्लंडमध्ये अजिंक्यपद मिळविले, हे खरे. तथापि त्याच काळात पाहुण्या संघाला तिकिटविक्रीतील वाटा मिळे आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न चारही विभागांतील ९२ क्लबांत समान वाटले जाई. यजमान क्लबने तिकिटांचे सर्व उत्पन्न स्वतःकडे ठेवण्याची प्रथा १९८३ मध्ये सुरू झाली. दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचे समान वाटप १९८० नंतरच्या दशकातच संपले आणि १९९२ मध्ये वरच्या विभागाने फुटून प्रीमियर लीग स्थापन केली. त्याच वर्षी यूरोपीय चषकाचे चँपियन्स लीगमध्ये रूपांतर होऊन मोठ्या देशांतील क्लबांच्या उत्पन्नात भर पडू लागली. म्हणजेच उत्पन्न वाटून घेण्याची व्यवस्था बॉस्मान निर्णयापूर्वीच क्लबांनी स्वतः मोडली होती. पुढे २००४ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तोने चँपियन्स लीग जिंकली. त्यानंतर २०२५ पर्यंत हे विजेतेपद इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी व फ्रान्स या पाच देशांबाहेर गेले नाही. या परिणामात मुक्त हस्तांतरणाचा वाटा असला, तरी त्यास उत्पन्नाच्या विषमतेपासून वेगळे काढता येत नाही. १९९५ मध्ये बॉस्मान खटल्यातील महाधिवक्त्यांनी सुचविलेल्या अन्य मार्गांत उत्पन्नाच्या वाटपाचा स्पष्ट उल्लेख होता. पण क्लबांनी तो व्यापक प्रमाणावर अवलंबिला नाही.

स्वातंत्र्याचा लाभही सर्व खेळाडूंना सारखा मिळालेला नाही. नामवंत खेळाडू करार संपण्याच्या भयाचा उपयोग करून घेतो. सामान्य खेळाडूस तोच करार संपताच बेकारी येते. दलालांच्या मोबदल्यावर मर्यादा घालण्याचा फिफाचा प्रयत्न निरनिराळ्या न्यायालयांत अडकल्याने डिसेंबर २०२३ मध्ये स्थगित करावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूकॅसल युनायटेडचा स्वीडिश खेळाडू अलेक्झांडर इसाक याने कराराची मुदत शिल्लक असता खेळण्यास नकार दिला व १ सप्टेंबर रोजी तो १२.५ कोटी पौंड या ब्रिटिश विक्रमी शुल्कावर लिव्हरपूलकडे गेला. पासष्ट वर्षांपूर्वी ईस्टमने ज्या क्लबविरुद्ध खेळ थांबविला, तोच हा क्लब. परंतु ईस्टमचा करार संपला होता, इसाकचा संपला नव्हता. पहिल्याच्या बाजूने जे न्यायतत्त्व होते, ते दुसऱ्यास जसेच्या तसे लागू पडत नाही. दिलेला शब्द पाळण्याचे बंधन कोठपर्यंत असावे, हा वादाचा नवा टप्पा होय.

भारत : भारतात हा प्रश्न निराळ्या स्वरूपात होता. मुंबईतील टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र इ. संघांतील, तसेच रेल्वे व बँका यांच्या संघांतील बरेच खेळाडू त्या त्या संस्थांचे नोकर असत. त्यामुळे संघ सोडणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे ठरे. गोव्यात साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स यांसारख्या संघांना उद्योगपती घराण्यांचा आश्रय होता. कलकत्त्यात हंगामापूर्वी ठराविक मुदतीत खेळाडू प्रांतिक संघटनेच्या कार्यालयात सही करून क्लब बदलत आणि मोहन बागान व ईस्ट बेंगॉल यांच्यात त्यासाठी मोठी चढाओढ लागे. राष्ट्रीय लीग (१९९६), आय-लीग (२००७) व इंडियन सुपर लीग (२०१४) या क्रमाने वेतनी करारांची पद्धत रुळली आणि फिफाच्या नियमांवर आधारलेले वाद येथेही उद्भवू लागले. अन्वर अली या बचावपटूने २०२४ मध्ये मोहन बागानशी असलेला करार मोडला व तो ईस्ट बेंगॉलकडे गेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने सप्टेंबरमध्ये चार महिन्यांचे निलंबन व १२ कोटी ९० लक्ष रुपयांची भरपाई फर्माविली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे पडून फेरसुनावणीची वेळ आली. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या सत्ताविसाव्या कलमान्वये कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. मुदतीतील करार मोडल्याबद्दल नुकसानभरपाई मागणे आणि खेळाडूस खेळण्यापासूनच अडविणे यांतील सीमारेषा कोठे आखावयाची, हा इंग्लंडमध्ये १९६३ साली व यूरोपात १९९५ साली उभा राहिलेला प्रश्न भारतीय फुटबॉललाही यापुढे टाळता येणार नाही.